कंबरदुखीत मसाजचा आराम दोन दिवसांपलीकडे का टिकत नाही?

प्रश्न

नमस्कार. माझे काम दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत बसून करण्याचे आहे आणि गेल्या चार महिन्यांपासून कंबरेच्या उजव्या बाजूला, मणक्यापासून साधारण दोन बोटे अंतरावर, सतत आखडल्यासारखे वाटते. दुपारनंतर खुर्चीतून उठताना कंबर धरते आणि पहिली चार-पाच पावले वाकूनच टाकावी लागतात. पायात कळ जात नाही, मुंग्याही येत नाहीत. डॉक्टरांनी तपासून काळजीचे कारण नसल्याचे सांगितले आहे. आतापर्यंत पाच वेळा मसाज घेतला. प्रत्येक वेळी दोन दिवस पाठ मोकळी वाटते आणि तिसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. मसाज करणाऱ्या बाईंचे म्हणणे असे, की स्नायूंत गाठी झाल्या आहेत आणि त्यांत साठलेले लॅक्टिक आम्ल निघून जाईपर्यंत मसाज चालू ठेवावा लागेल. यात तथ्य किती आहे? आणि मसाजने कंबरदुखी खरोखर कमी होते का?

उत्तर १

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आधी लॅक्टिक आम्लाविषयी सांगते, कारण हा समज फार खोल रुजलेला आहे. जोरकस व्यायामात स्नायूंमध्ये लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक आम्लाचे शरीरातले रूप, वाढते, परंतु व्यायाम थांबल्यावर सुमारे तासाभरात शरीर ते स्वतःच वापरून टाकते. खुर्चीत बसून काम करणाऱ्या माणसाच्या कंबरेत ते चार महिने साठून राहण्याचा प्रश्नच येत नाही. ज्याला आपण गाठ म्हणतो तो बोटांना घट्ट लागणारा आणि दाबल्यावर दुखणारा स्नायूचा भाग असतो. दुखणे आपल्याला खरेच जाणवते, पण तिथे फोडून काढण्यासारखे काही साठलेले असते असे मानायला आधार नाही.

मग आराम कशाने पडतो? गुडघा कशावर आपटला की आपला हात आपोआप तिथे जाऊन चोळू लागतो, हे आठवून पाहा. स्पर्शाचे आणि दाबाचे संदेश मज्जारज्जूत पोहोचले की वेदनेच्या संदेशांना आवर बसतो, अशी मांडणी मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये केली. पुढे तिच्यात पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, तरी मूळ कल्पना उपयोगी ठरली आहे. त्याखेरीज मसाजच्या वेळी श्वास संथ होतो, मन निवांत होते आणि दुखेल या धास्तीने आपण नकळत ताणून धरलेले स्नायू सैल सुटतात.

आता पुराव्याकडे वळू. एखाद्या उपचारावरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात २५ चाचण्या आणि तीन हजारांहून अधिक रुग्ण होते. मसाजने कंबरदुखी थोड्या काळापुरती कमी होते असे त्यातून दिसले, पण पुराव्याचा दर्जा फार कच्चा असल्याचेही अभ्यासकांनी स्पष्ट म्हटले. मला स्वतःला २०११ मध्ये प्रसिद्ध झालेली, ४०१ रुग्णांची एक चाचणी अधिक बोलकी वाटते. तिच्यात एका गटाला अंग सैल सोडवणारा साधा मसाज, दुसऱ्याला नेमके स्नायू शोधून केलेला मसाज आणि तिसऱ्याला नेहमीचे उपचार मिळाले. आठवड्याला एक याप्रमाणे दहा मसाज झाल्यावर पहिले दोन्ही गट तिसऱ्यापेक्षा चांगले होते आणि हा फायदा सहा महिन्यांपर्यंत दिसला; वर्षभराने मात्र फरक मामुली उरला. मुख्य म्हणजे दोन्ही प्रकारच्या मसाजमध्ये म्हणण्यासारखे अंतर पडले नाही. गाठ शोधून ती सोडवल्यामुळेच बरे वाटत असते, तर दुसरा गट स्पष्टपणे पुढे जायला हवा होता.

तुमचे दोन दिवस म्हणूनच मोलाचे आहेत. पाठ मोकळी असते तेव्हाच हालचाल करायला धीर येतो, आणि बहुतेक लोक नेमके त्याच दिवशी मसाज वाया जाऊ नये म्हणून पडून राहतात. ब्रिटनमध्ये उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनाही मसाजचा विचार व्यायामाच्या जोडीनेच करायला सांगतात.

उत्तर २

वरील उत्तराला एक पुस्ती जोडावीशी वाटते. मी रक्त पातळ करणारी गोळी घेत होतो आणि मसाजपूर्वी ते सांगायचे राहून गेले. विचारलेही कोणी नाही. दुसऱ्या दिवशी पाठीवर तळहाताएवढे दोन काळेनिळे डाग उठले आणि ते विरायला तीन आठवडे लागले. अशी औषधे चालू असतील, हाडे ठिसूळ झाली असतील किंवा पोटरी अचानक सुजून दुखत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणाचाही हात लावून घेऊ नये. लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा येणे किंवा पायातली शक्ती कमी होणे ही लक्षणे दिसली, तर मसाजचा विचार बाजूला ठेवून त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

उत्तर ३

मी वर्षभर दर आठवड्याला मसाज घेतला आणि त्याबद्दल मला पश्चात्ताप नाही, कारण त्या काळात तेवढाच आधार होता. मात्र दुखणे टिकाऊपणे कमी झाले ते दर अर्ध्या तासाने खुर्ची सोडून उठू लागल्यावर आणि रोज पाऊण तास चालू लागल्यावर. पहिले तीन आठवडे काहीही फरक जाणवत नव्हता, तेव्हा घाईने सोडून देऊ नका.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. मसाजच्या दिवशी मी खरोखरच संध्याकाळी आडवी होत असे आणि दुसऱ्या दिवशीचे चालणेही टाळत असे. एक शंका उरली आहे. जेवढे जोराने दाबतील तेवढा गुण अधिक, असे मला सांगितले गेले आणि मी दात आवळून सहन करते. ते आवश्यक आहे का?

उत्तर १

मुळीच नाही. वर सांगितलेल्या चाचणीतला साधा मसाज सौम्यच होता, तरी गुण सारखाच आला. दाबताना श्वास रोखला जात असेल किंवा अंग आक्रसत असेल, तर स्नायू सैल होण्याऐवजी प्रतिकार करत आहेत असे समजा आणि तिथल्या तिथे दाब कमी करायला सांगा. त्या संध्याकाळी वीस मिनिटे सपाट रस्त्यावर चालून या, आणि दुपारनंतर खुर्चीतून उठताना किती पावले वाकून पडतात ते आठवडाभर लिहून ठेवा.