मल्टिकास्ट चालेना म्हणून विंडोज उडवणाऱ्यांसाठी

कळफलक: मल्टिकास्ट म्हणजे एकदाच पाठवलेला डेटा ग्रुपमध्ये सामील झालेल्या सगळ्या मशिनींना मिळणं. परवा इथे एकाने लिहिलं, "विंडोजला मल्टिकास्ट जमतच नाही. चार मशिनी उबंटूवर नेल्या, कटकट मिटली." खाली वाहवाची रांग. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

चाकणच्या एका कारखान्यात मीही याच खड्ड्यात पडलो होतो. उबंटूच्या डब्यातून २३९ ने सुरू होणाऱ्या पत्त्याच्या मल्टिकास्ट ग्रुपवर सेन्सरचे आकडे सुटत होते, विंडोजच्या पडद्यावर ढिम्म काही नाही. आम्हीही आधी विंडोजलाच शिव्या घातल्या. मग वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेटं दाखवणारा प्रोग्राम) लावला. लॅनच्या कार्डावर आयजीएमपीचं, म्हणजे ग्रुपमध्ये सामील होण्याच्या निरोपाचं, चिटपाखरू नाही. सहज म्हणून व्हर्च्युअलबॉक्सच्या होस्ट-ओन्ली अडॅप्टरवर, म्हणजे मशिनीतल्या आभासी कार्डावर लावला, तर जॉइनचा रिपोर्ट तिथे! आमच्या कोडमध्ये इंटरफेसच्या जागी ०.०.०.० होतं. तसं दिलं की कुठल्या कार्डावरून जॉइन व्हायचं ते मशीन आपल्या मनाने ठरवतं. तिथे लॅनच्या कार्डाचा आयपी घातला, आकडे धडाधड यायला लागले.

आणि लिनक्स, ज्याचा उबंटू एक प्रकार, तेही काही धुतल्या तांदळाचं नाही. दोन कार्डांची मशीन असेल तर आरपी-फिल्टर (पॅकेट बरोबर कार्डावरून आलं का ते तपासणारा) पॅकेट गिळतो आणि ढेकरही देत नाही. टीसीपीडम्पमध्ये (वायरशार्कसारखंच) दिसतं, प्रोग्रामला मिळत नाही.

पेंग्विनपंथी: ते लिहिणारा मीच. माझ्याकडे व्हर्च्युअलबॉक्स नव्हतं, फायरवॉलही बंद करून पाहिली होती. लिनक्सवर ग्रुपच्याच पत्त्याला बाइंड करता येतं, म्हणजे प्रोग्राम त्याच पत्त्यावर ऐकायला बसवता येतो, विंडोज तिथे १००४९ चा एरर तोंडावर फेकतं. याला जमणं म्हणतात का?

कळफलक: विंडोजवर ०.०.०.० ला बाइंड करून मग ग्रुप जॉइन करायचा असतो. लिनक्सवर तसं केलंत तर त्याच मशिनीवरच्या दुसऱ्या प्रोग्रामने जॉइन केलेल्या ग्रुपचा मालसुद्धा, पोर्ट नंबर एकच असेल तर, तुमच्या पदरात पडतो. ते बरं चालतं!

मॅकवाली: सिक्वोयापासून (मॅकओएस १५) मॅक 'लोकल नेटवर्क'ची परवानगी विचारतो. घाईत 'नको' दाबलं आणि अख्खा शनिवार राउटरला दोष दिला. सांगून ठेवते.

रात्रपाळी: पेंग्विनराव, एक सांगा. विंडोजवर मुळीच येत नव्हतं, की थोडा वेळ येऊन थांबायचं?

पेंग्विनपंथी: चारेक मिनिटं यायचं. प्रोग्राम परत सुरू केला की पुन्हा चारेक मिनिटं.

रात्रपाळी: २६० सेकंद. विचारणा दर १२५ सेकंदांनी, ती गुणिले २, अधिक उत्तराला १०. नेटवर्कच्या स्विचवर स्नूपिंग (कुठल्या पोर्टाला कुठला ग्रुप हवा ते हेरून तिथेच पाठवणं) चालू आहे आणि क्वेरियर कोणीच नाही. "अजून कोण ऐकतंय?" असं विचारणारं कोणी नसलं की स्विच यादीतून नाव काढतो. यात विंडोजचा काय संबंध? उबंटू टाकताना स्विच बदललात का?

पेंग्विनपंथी: पोर्ट कमी पडत होते म्हणून १६ पोर्टचा साधा आणला. त्याच दिवशी.

रात्रपाळी: 😀 साधा म्हणजे स्नूपिंग नाही, सगळीकडे सरसकट ओततो.

टेंडरग्रस्त: साध्या स्विचवर हसू नका. मी इंडेंटमध्ये मॅनेज्ड, २४ पोर्ट, क्वेरियरसकट असं लिहून दिलं होतं. परचेसने 'स्विच म्हणजे स्विच' म्हणून एल-वनचा, म्हणजे सगळ्यात कमी बोलीवाल्याचा, डबा माथी मारला. १२ कॅमेरे मल्टिकास्टवर. स्नूपिंग नाही, म्हणून बाराही कॅमेऱ्यांचा पूर प्रत्येक पोर्टात, बिलिंगच्या पीसीतसुद्धा. शिव्या कोणी खाल्ल्या? मी. अशा परचेसवाल्यांना एक दिवस सर्व्हर रूममध्ये कोंडलं पाहिजे.

निवृत्त परचेस: कोंडा की. २६ वर्षं तुमच्यासारख्यांचे इंडेंट वाचले. 'चांगल्या प्रतीचा स्विच, १ नग.' झालं स्पेसिफिकेशन! एल-वन डावलला की ऑडिट पॅरा (लेखापरीक्षणाचा आक्षेप) येतो, त्यावर उत्तर द्यायला तुम्ही येता का? सही माझी असते.

टेंडरग्रस्त: मी 'चांगल्या प्रतीचा' लिहिलं नव्हतं. नीट वाचा. वाचायची सवय नाही हेच तर दुखणं आहे.

निवृत्त परचेस: आणि माल आल्यावर 'स्पेसिफिकेशनप्रमाणे आहे' म्हणून तपासणीची सही कोणी केली? बोला.

टेंडरग्रस्त: वरून फोन आला होता.

निवृत्त परचेस: मला रोज यायचा.

कळफलक: अहो, धागा मल्टिकास्टचा आहे.

मॅकवाली: राहू द्या, हेच जास्त रंगलंय.

पेंग्विनपंथी: जुना स्विच कपाटातून काढला, क्वेरियर चालू केला. एका लॅपटॉपवर विंडोज शिल्लक होतं, ते जोडलं. वीस मिनिटं झाली, आकडे येताहेत. अभिनंदन करून घ्या सगळे. उबंटू मात्र काढणार नाही.

रात्रपाळी: नका काढू. फायरवॉल तेवढी परत चालू करा.