सुपर लीग: क्लब मालकाचा, मग चाहत्यांचा राग कशासाठी?

रात्रपाळी:
१८ एप्रिल २०२१ च्या रात्री इंग्लंड, स्पेन आणि इटलीतील बारा बड्या फुटबॉल क्लबांनी ‘युरोपियन सुपर लीग’ या नव्या स्पर्धेची घोषणा केली आणि त्यानंतर जेमतेम दोन दिवसांत सहाही इंग्लिश क्लबांनी त्यातून अंग काढून घेतले. या माघारीचे मोठे श्रेय चाहत्यांच्या संतापाला दिले जाते. तो संताप मला अजूनही पुरता उमगलेला नाही. मालकांनी क्लब रीतसर विकत घेतले, त्यांत पैसा ओतला. मग कोणत्या स्पर्धेत खेळायचे हे त्यांनी ठरवले तर बिघडले कुठे? आपल्या आयपीएलमध्ये सलग शेवटच्या क्रमांकावर राहिलेला संघही पुढच्या वर्षी खेळतोच आणि त्याबद्दल कोणी रस्त्यावर उतरत नाही. काहींच्या मते इंग्रजांना मुळात अमेरिकी मालकच खुपतात आणि सुपर लीग हे निमित्त होते. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

राखीव गोलरक्षक:
आयपीएलशी तुलना केलीत म्हणून तिथूनच सुरुवात करतो. आयपीएलचे संघ २००८ मध्ये लिलावातून जन्माला आले; त्यापूर्वी ते अस्तित्वातच नव्हते, त्यामुळे त्यांच्यासाठी बंद दरवाजा हा जन्मजात नियम आहे. इंग्लंडमधील बहुतेक क्लब चर्च, कारखाने आणि रेल्वेच्या कामगारांनी एकोणिसाव्या शतकात उभे केले (मँचेस्टर युनायटेड हा मूळचा न्यूटन हीथ येथील रेल्वे कामगारांचा संघ) आणि तेथील साखळी सामन्यांची सारी रचना खालून वर चढता येते व वरून खाली घसरावे लागते, या एकाच तत्त्वावर उभी आहे. सुपर लीगमध्ये वीस संघ असणार होते आणि त्यांपैकी पंधरा संस्थापक कितीही वाईट खेळले तरी कायम राहणार होते. राग आला तो या पंधरा राखीव खुर्च्यांचा.

त्या खुर्च्या कोणाला मिळणार होत्या, हेही पाहा. घोषणा झाली त्या दिवशी आर्सेनल प्रीमियर लीगमध्ये (इंग्लंडच्या अव्वल साखळी स्पर्धेत) नवव्या क्रमांकावर होता आणि टॉटनहॅमने अखेरचे लीग विजेतेपद १९६१ मध्ये मिळवले होते. सहा इंग्लिश क्लबांपैकी आर्सेनल, टॉटनहॅम आणि मँचेस्टर सिटी या तिघांनी तोवर युरोपचे सर्वोच्च विजेतेपद एकदाही जिंकलेले नव्हते. उलट १९७९ आणि १९८० असे लागोपाठ दोनदा ते जिंकणारा नॉटिंगहॅम फॉरेस्ट आणि १९८२ मध्ये जिंकणारा ॲस्टन व्हिला यांना कोणी विचारलेसुद्धा नाही. म्हणजे निवड ना इतिहासावर होती, ना त्या वर्षीच्या खेळावर. ती केवळ बाजारातील नावावर होती. त्या वेळी गुणतक्त्यात तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकावर असलेल्या लेस्टर आणि वेस्ट हॅमच्या चाहत्यांना हे वाचून काय वाटले असेल, याची कल्पना करा.

आता मालकीबद्दल. ‘क्लब मालकाचा’ ही समजूत इंग्लंडमध्ये तुम्हाला वाटते तेवढी जुनी नाही. तेथील फुटबॉल संघटनेच्या नियमाने संचालकांना मानधन घेण्यास मनाई केली होती आणि भागधारकांच्या लाभांशावर मर्यादा घातली होती. १९८३ मध्ये टॉटनहॅमने क्लबच्या वर एक धारक कंपनी उभारून तिचे समभाग शेअर बाजारात आणले, तेव्हा त्या नियमाला पहिली मोठी पळवाट सापडली. २००५ मध्ये अमेरिकेतील ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड सुमारे ७९ कोटी पौंडांना घेतला तो बहुतांशी कर्ज काढून, आणि त्यातील मोठा बोजा त्याच क्लबच्या डोक्यावर टाकला, ज्याच्यावर त्याआधी कर्ज नव्हते. म्हणजे ‘मालकांनी पैसा ओतला’ हे तुमचे वाक्य युनायटेडच्या बाबतीत नेमके उलटे आहे. त्याच वर्षी काही चाहत्यांनी वेगळे होऊन ‘एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर’ हा स्वतःच्या मालकीचा क्लब काढला, तर २०१० मध्ये हजारो प्रेक्षक न्यूटन हीथचे हिरवे-सोनेरी मफलर गळ्यात घालून मैदानात येऊ लागले. लिव्हरपूलमध्येही फेब्रुवारी २०१६ मध्ये ७७ पौंडांच्या प्रस्तावित तिकिटाच्या निषेधार्थ सुमारे दहा हजार प्रेक्षक संडरलंडविरुद्धच्या सामन्यात बरोबर ७७व्या मिनिटाला उठून बाहेर पडले. तेव्हा २-० ने पुढे असलेल्या लिव्हरपूलचा तो सामना २-२ असा सुटला आणि काही दिवसांतच मालकांनी दरवाढ मागे घेतली. २०२१ मध्ये उसळला तो हा वर्षानुवर्षे साचलेला राग होता.

२० एप्रिलच्या संध्याकाळी स्टॅमफर्ड ब्रिज या चेल्सीच्या मैदानाबाहेर त्यांच्याच चाहत्यांनी संघाची बस अडवली. साथीच्या निर्बंधांमुळे मैदानात त्यांना प्रवेशही नव्हता, तरीही ते आले होते. क्लबचा माजी गोलरक्षक आणि तेव्हाचा सल्लागार पीटर चेक स्वतः गर्दीत शिरून थोडा वेळ द्या म्हणून हात जोडत होता. ब्रायटनविरुद्धचा सामना पंधरा मिनिटे उशिरा सुरू झाला आणि चेल्सी माघार घेणार ही बातमी गर्दी रस्त्यावर असतानाच फुटली.

अमेरिकी मालक खुपतात, हा मुद्दा पुरेसा नाही. चेल्सीचा मालक तेव्हा रशियन होता, सिटीचे मालक अबुधाबीचे आहेत आणि टॉटनहॅमची मालकी तर इंग्रजांकडेच होती.

हिशेबनीस:
वरील प्रतिसाद अभ्यासपूर्ण असला तरी एकांगी वाटला, म्हणून दुसरी बाजू मांडतो. एखादा क्लब चॅम्पियन्स लीगला (युरोपातील क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेला) एका वर्षी पात्र ठरतो आणि पुढच्या वर्षी ठरत नाही. खेळाडूंचे करार मात्र चार-पाच वर्षांचे असतात. उत्पन्न दरवर्षी हेलकावे खाणार आणि खर्च खुंट्याला बांधलेला, अशा स्थितीत साथीच्या काळात मैदाने रिकामी राहिल्यावर या मंडळींचे धाबे दणाणले असेल तर त्यात नवल नाही. संस्थापकांना सुरुवातीलाच साडेतीन अब्ज युरो मिळणार होते आणि ते जेपी मॉर्गन ही बँक उभे करणार होती. हाव होतीच, पण निकडही होती.

दुसरे असे की, सारा दोष ‘धनाढ्य मालकां’वर ढकलणे वस्तुस्थितीला धरून नाही. या योजनेचे सर्वांत मोठे पुरस्कर्ते रेआल माद्रिदचे अध्यक्ष फ्लोरेंतिनो पेरेझ होते, आणि रेआल माद्रिद व बार्सिलोना हे दोन्ही क्लब कोणा धनिकाचे नसून सभासदांच्या मालकीचे आहेत. याउलट कतारच्या पैशावर चालणारा पॅरिसचा क्लब या लीगपासून दूर राहिला. जर्मनीत मतांचे बहुमत सभासदांकडेच राहिले पाहिजे असा नियम आहे, म्हणून बायर्न म्युनिक आणि डॉर्टमुंड बाहेर राहिले, असे हमखास सांगितले जाते. मग स्पेनमधील सभासदांनी काय केले?

राखीव गोलरक्षक:
हिशेबनीस, आपला दुसरा मुद्दा मार्मिक आहे आणि त्याचे उत्तर रेआलच्या घटनेत सापडते. तेथे अध्यक्षपदाची निवडणूक लढवायची तर वीस वर्षांचे सभासदत्व लागते आणि क्लबच्या अंदाजपत्रकाच्या १५ टक्के रकमेची बँक हमी द्यावी लागते. इतके पैसे उभे करणारे सभासद किती असतील? पेरेझ त्याच एप्रिलमध्ये, घोषणेच्या काही दिवस आधी, बिनविरोध पुन्हा निवडून आले होते. तेव्हा कागदावरची सभासदांची मालकी आणि सभासदांचा प्रत्यक्ष वचक या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मान्य. निकडीचा मुद्दा मात्र मला पटत नाही. खेळाडूंचे पगार कोणी वाढवले, तर याच बारा क्लबांनी एकमेकांवर कुरघोडी करून.

मडगावकर:
आपल्याकडे कोणी रस्त्यावर उतरत नाही, हे मूळ प्रश्नातील वाक्य वाचून गोव्याची आठवण देणे भाग पडले. फुटबॉलची इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली तीच मुळी फ्रँचायझींची बंद स्पर्धा म्हणून. पुढे तिलाच देशातील अव्वल स्पर्धेचा दर्जा देण्याचा भारतीय फुटबॉल महासंघाचा आराखडा आला, तेव्हा २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो हे गोव्याचे तिन्ही क्लब आय-लीगमधून, म्हणजे तोवरच्या अव्वल राष्ट्रीय साखळीतून, बाहेर पडले. त्यांतील धेंपो पाच वेळा देशाचा विजेता होता. फरक एवढाच की इंग्लंडमध्ये बडे क्लब बाकीच्यांना मागे टाकून निघाले होते आणि येथे जुने नावाजलेले क्लबच दाराबाहेर राहिले. खालून वर चढण्याची वाट खुली झाली ती २०२३ मध्ये, पंजाब एफसीच्या रूपाने.

फातोर्ड्याच्या मैदानावर मोर्चा निघाला नाही हे खरे. पण धेंपो उद्योगसमूहाच्या प्रमुखांचाच नव्या एफसी गोवा संघात सुरुवातीपासून वाटा होता, आणि गोवेकर प्रेक्षकाला त्याच मैदानावर नामांकित परदेशी खेळाडू पाहायला मिळू लागले होते. अशा वेळी घोषणा द्यायच्या कोणाविरुद्ध?

रात्रपाळी:
सर्वांचे आभार. आयपीएलची तुलना मी मागे घेत नाही, परंतु तिची मर्यादा ध्यानात आली. एक शंका उरते. सुपर लीगची गणिते ज्या प्रेक्षकावर मांडली होती तो बहुधा माझ्यासारखाच, म्हणजे रात्री जागून हजारो मैलांवरून सामना पाहणारा असणार. रेआल विरुद्ध लिव्हरपूल दरवर्षी पाहायला मिळणे मला वाईट वाटले नसते. मग चाहत्यांच्या नावाने बोलण्याचा अधिकार फक्त त्या शहरातल्यांचाच का? आणि हा प्रकार पुन्हा घडू शकतो का?

राखीव गोलरक्षक:
अधिकार तुम्हालाही आहे, परंतु तुमचा संघ खाली घसरला तर तुम्ही वाहिनी बदलू शकता. मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्डच्या माणसाला ती सोय नाही. शिवाय रेआल-लिव्हरपूल सामन्याची चव तो क्वचित होतो म्हणूनच आहे.

पुन्हा घडण्याबद्दल सांगायचे तर कायद्याचे पारडे दोन्हीकडे झुकते. २१ डिसेंबर २०२३ रोजी युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला की, नव्या स्पर्धांना पूर्वपरवानगी देण्याचे फिफा (फुटबॉलची जागतिक संघटना) आणि युएफा (युरोपीय संघटना) यांचे तेव्हाचे नियम स्पर्धा कायद्याच्या विरोधात होते. मात्र म्हणून सुपर लीगला मान्यता द्यावीच लागेल, असे न्यायालयाने म्हटले नाही. इंग्लंडमध्ये २०२५ च्या जुलैमध्ये फुटबॉल प्रशासन कायदा झाला आणि स्वतंत्र नियामक अस्तित्वात आला. त्याने मनाई केलेल्या स्पर्धेत तेथील क्लबांना आता उतरता येणार नाही.

हिशेबनीस:
जाता जाता एक नोंद. १९ एप्रिल २०२१ रोजी, म्हणजे सुपर लीगच्या घोषणेच्या दुसऱ्याच दिवशी, युएफाने चॅम्पियन्स लीग ३६ संघांची करण्यास मंजुरी दिली. अधिक सामने, अधिक प्रक्षेपण, अधिक पैसा. त्यातील दोन जागा जुन्या कामगिरीच्या जोरावर देण्याचा बेत मे २०२२ मध्ये सोडून द्यावा लागला आणि त्याऐवजी सर्वोत्तम कामगिरी करणाऱ्या दोन देशांना एकेक जादा जागा मिळाली. परिणाम असा की २०२५-२६ च्या हंगामात एकट्या इंग्लंडचे सहा संघ चॅम्पियन्स लीगमध्ये होते. त्यांत प्रीमियर लीगमध्ये सतराव्या क्रमांकावर राहिलेला टॉटनहॅमही होता. तो मात्र युरोपा लीग ही युरोपातील दुसऱ्या क्रमांकाची स्पर्धा जिंकून, नियमाने आला होता, हे राखीव गोलरक्षकांनी सांगण्याआधी मीच सांगून टाकतो.