बोहारणीच्या आधी एक फोटो?

खुंटी

आई जाऊन आठ महिने झाले. मागच्या आठवड्यात भाऊ आणि मी तिचं कपाट रिकामं केलं. साड्यांचं सोपं होतं. पैठणी वहिनीला, दोन इरकली मावश्यांना, आणि धुऊन धुऊन मऊ पडलेल्या चार कॉटनच्या गोधडीसाठी बाजूला. अडलो ते गाऊनपाशी. सहा गाऊन, गळ्याशी विटलेले, एकाच्या खिशात हिंगाष्टकाची पुडी. सकाळी दूध घेण्यापासून रात्री गॅसचा कॉक बंद करेपर्यंत आई गाऊनमध्येच असायची. आणि घरातल्या चार अल्बममध्ये मिळून गाऊनमधला तिचा एकही फोटो नाही. कोणी कॅमेरा काढला की म्हणायची, "थांब रे, साडी नेसून येते."

भाऊ म्हणाला, बुधवारी बोहारीण येते, देऊन टाकू. देण्याबद्दल वाद नव्हताच. पण देण्याआधी मी बाल्कनीच्या दारापाशी पांढरी चादर अंथरली आणि एकेक वस्तू ठेवून मोबाइलवर फोटो काढले. गाऊन. एक काडी दोऱ्याने बांधलेला चष्मा. बांगडीला अडकवलेल्या असायच्या त्या सेफ्टी पिना. अंगठ्याखाली खड्डा पडलेली घरातली स्लीपर. असे एकूण २३. भाऊ थोडा वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "पंचनामा चाललाय का?"

लागलं मला ते. पण मग आठवलं की फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक असलेल्या विल्यम हेन्री फॉक्स टॅलबटने १८४४ साली आपल्या पुस्तकात फळीवर मांडलेल्या चिनीमातीच्या भांड्यांचा फोटो दिला तेव्हा सोबत असंच काहीसं लिहिलं होतं: उद्या चोराने ही भांडी पळवली, तर या चित्राची मुकी साक्ष कोर्टात उभी करता येईल. म्हणजे पंचनामा हा या कलेचा जन्मापासूनचा धंदा.

माझं म्हणणं एवढंच, की आपल्याकडे माणसांचे फोटो सगळे सणासुदीचे. रोजचं माणूस त्याच्या रोजच्या कपड्यात असतं, आणि नेमका तोच कपडा आधी घराबाहेर जातो. त्याचा एक साधा, न सजवलेला फोटो ठेवावा. तुम्हाला काय वाटतं?

तर्कट

स्पष्ट लिहितो, राग नसावा. आई दिवसभर गाऊनमध्ये असायच्या तेव्हाही फोन तुमच्या हातात होता. एक फोटो न सांगता काढला असता तर आज चादर अंथरावी लागली नसती. रिकाम्या गाऊनचा फोटो हा गाऊनचाच फोटो असतो. त्यात आई आहे असं तुम्हाला वाटतं, कारण ती तुमच्या डोक्यात आहे. मला तेच २३ फोटो दाखवलेत तर मी म्हणेन, केवढ्याला देताय?

आणि वस्तू देऊन टाकायची ती ओझं उतरावं म्हणून. तुम्ही ओझ्याची झेरॉक्स काढून ठेवलीत.

अवांतर_काकू

अवांतर: सहा गाऊनवर काय मिळालं? आमची बोहारीण गाऊनला हात लावत नाही. साड्या आणि पँटी मागते, त्यातही चेन चालू आहे का ते दोनदा ओढून बघते. मागे तीन चांगल्या साड्या आणि यांचा सफारी देऊन एक पातेलं मिळालं, तेही झाकण नसलेलं.

जुना_रोल

तर्कट, 'केवढ्याला देताय' हे बरोबर दिसलं तुम्हाला, पण का दिसलं ते चुकलं. चादर, वरून धरलेला फोन आणि सगळीकडे सारखा उजेड, ही जुन्या वस्तू विकायच्या अ‍ॅपची भाषा आहे. वस्तूचा दोष नाही तो.

(आणि विक्रीचं म्हणाल तर पॉल आउटरब्रिज या अमेरिकन छायाचित्रकाराने १९२२ मध्ये शर्टाची एक सुटी कॉलर बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटींवर ठेवून फोटो काढला. ती कॉलर-कंपनीची जाहिरात होती. आज तोच फोटो संग्रहालयात आहे.)

खुंटीताई, आता कामाचं. कापडाला तिरपा उजेड लागतो. दारापासून चार-पाच फूट आत या, वस्तूच्या एकाच बाजूने उजेड येऊ द्या, पडदा अर्धा ओढा, आणि घरातली ट्यूब बंद करा. दिवसाचा उजेड आणि ट्यूब एकत्र आले की पांढरं कापड एकीकडे निळं, एकीकडे हिरवट-पिवळं पडतं. तिरप्या उजेडात कोपराचा फुगवटा, बसून बसून पडलेल्या चुण्या, पुन्हा पुन्हा शिवलेली शिवण, सगळं वर येतं. समोरून उजेड टाकलात की सपाट. दुसऱ्या बाजूला थर्मोकोल उभं करायचा मोह होईल. सावली अगदी काळीठिक्कर असेल तरच करा.

मोबाइल फार जवळ नेऊ नका. नेहमीच्या लेन्सने जवळून काढलं की पुढची बाजू फुगते, स्लीपर होडीसारखी दिसते. मागे सरका आणि दोनपट झूम लावा. पांढऱ्या चादरीवर पांढरा गाऊन फोनला नेहमी राखाडी करावासा वाटतो, तेव्हा स्क्रीनवर बोट ठेवून उजेडाची पट्टी थोडी वर. काळ्या छत्रीला उलट, थोडी खाली.

सगळ्यात महत्त्वाचं: चादर काढून टाका. गाऊन जिथे अडकवलेला असायचा तिथेच त्याचा फोटो काढा. वॉकर इव्हान्स या अमेरिकन छायाचित्रकाराने १९३६ मध्ये अलाबामात फ्लॉइड बरोज नावाच्या, वाट्याने शेती करणाऱ्या माणसाचे कामाचे बूट टिपले, ते उघड्या जमिनीवर होते तसे. खालची माती काढली तर त्या फोटोत उरतं काय?

इस्त्री_कडक

मला या सगळ्या चर्चेतच काहीतरी टोचतंय.

माझे वडील नगरपालिकेत शिपाई होते. दोन सदरे. रात्री एक धुवायचा, सकाळी तांब्यात निखारे घालून त्याला इस्त्री फिरवायची. ठिगळ असायचं, पण ते दिसू नये म्हणून आई आतून लावायची. माझ्या आजोबांना गावात नवं कापड अंगावर घालायची चोरी होती, पायात चप्पल घालून मधल्या आळीतून जायची सोय नव्हती. आमच्याकडे कडक सदरा हा मिळवलेला सदरा होता. आता कोणी तिरप्या उजेडात त्या सदऱ्याची विरलेली कॉलर टिपून 'वाह, काय पोत आहे' म्हणणार असेल, तर वडील म्हणाले असते, जे लपवायला जन्म घातला तेच दिसलं का तुला?

नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचे कोट जपून ठेवले आहेत. लोक तिथे कापडाचा विटका रंग बघायला जात नाहीत. तो माणूस कसा पोशाख करायचा, ताठ, तीन तुकड्यांचा सूट, हे बघायला जातात. उलट २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात गांधीजींचा चष्मा, चपला, घड्याळ आणि ताट-वाडगा १८ लाख डॉलरला गेलं. गांधीजींबद्दल तक्रार नाही माझी. पण साधेपणाला किंमत येते ती ज्याने तो निवडला त्याच्या. ज्याच्यावर तो लादला गेला त्याच्या फाटक्या चपलेला फक्त 'पोत' असतो.

जुना_रोल, तुमचे ते बूट. त्या फोटोंमुळे आपल्या घराण्याची गरिबी जगभर मिरवली गेली, असं बरोजच्या घरातल्या पुढच्या पिढीत बोललं गेलंय. माती कलाकाराला हवी होती, बूटवाल्याला नको असेल.

आणि खुंटीताई, तुमच्या आई म्हणायच्या, "थांब, साडी नेसून येते." ते उत्तर होतं की. तुम्ही त्या गेल्यावर गाऊनचाच फोटो काढलात.

गोधडी

वरचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ गप्प बसले. तरी लिहिते, कारण मला वाटतं तुम्ही जी अडचण सांगताय तिच्यातून वाट काढलेली एक बाई आहे.

जपानच्या छायाचित्रकार इशिउची मियाको. आई २००० मध्ये वारली. मायलेकींचं फारसं पटत नव्हतं. मागे राहिलं ते त्यांनी एकेक करून टिपलं: अंतर्वस्त्रं, बूट, कवळी, केस अडकलेला ब्रश, वापरून तिरक्या झिजलेल्या लिपस्टिक. २००५ च्या व्हेनिस बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनात जपानच्या दालनात हीच छायाचित्रं होती. त्यातल्या लिपस्टिक बघा. ओठाच्या आकाराने झिजलेला तो लाल रंग बघून 'बिचारी' मनात येत नाही. ही बाई नटायची, हे कळतं. म्हणजे वस्तूत गरिबीच दिसते असं नाही, तोराही दिसतो.

पुढे त्यांनी हिरोशिमाच्या स्मारक संग्रहालयातले, बॉम्ब पडला त्या दिवशी लोकांच्या अंगावर असलेले कपडे टिपले. रंगीत. फुलाफुलांचे ब्लाउज, हाताने शिवलेले फ्रॉक. त्यांच्या आधी त्सुचिदा हिरोमी यांनी त्याच संग्रहातल्या वस्तू कृष्णधवल टिपल्या होत्या. सरळ समोरून, खाली दोन-चार ओळी: हे कोणाचं, तो माणूस तेव्हा कुठे होता, पुढे काय झालं. इशिउचींनी मजकूर जवळजवळ काढूनच टाकला, शीर्षकात फक्त वस्तू देणाऱ्याचं नाव. त्सुचिदांचे फोटो बघताना मी मरण वाचत होते. इशिउचींचे बघताना मनात आलं, हा फ्रॉक कोणीतरी दुकानातून कापड निवडून शिवला असेल, गळा असाच हवा म्हणून हट्ट केला असेल.

इस्त्री_कडक, तुमच्या वडिलांच्या सदऱ्याचा फोटो मी काढला असता तर कॉलरचा काढला नसता. बाहीवरच्या इस्त्रीच्या घडीचा काढला असता.

तर्कट

कवळी?? व्हेनिसमध्ये? त्या आईला कोणी विचारलं होतं का? इस्त्री_कडक यांच्याशी शंभर टक्के सहमत, आणि मी सहसा कोणाशी सहमत नसतो.

अडकित्ता

माझा मुद्दा वस्तूसोबतच्या चिठ्ठीचा. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलात तर अडकित्ते, वज्र्या, फण्या, दिवे यांच्यासमोर तासभर सहज जातो. कोणत्या बाईने त्या वज्रीने पाय घासले ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. तरी वस्तू गप्प वाटत नाहीत, कारण केळकरांनी एकेक वस्तू शोधून, शेकड्यांनी शेजारी शेजारी मांडली. पन्नास अडकित्ते एकत्र पाहिले की एकावर मोर का आहे असा प्रश्न आपोआप पडतो. खुंटीताईंकडे चष्मा एकच आहे. एकट्या वस्तूला नाव लागतं.

नसलं तर काय होतं? व्हॅन गॉखने १८८६ मध्ये जुन्या बुटांची जोडी रंगवली. हायडेगर नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने त्या बुटांत शेतात राबणारी बाई पाहिली, तिचं थकलेलं चालणं पाहिलं, ओली माती पाहिली. १९६८ मध्ये मेयर शापिरो या कला-इतिहासकाराने म्हटलं, अहो, हे शहरात राहणाऱ्या चित्रकाराचे स्वतःचेच बूट आहेत. बुटाच्या जिभेवर दोन शब्द खरडलेले असते तर किती कागद वाचला असता.

तेव्हा प्रिंट काढा, मागे पेन्सिलने लिहा: चष्मा, आईचा, दोरा अमुक साली तिनेच बांधला. फोनमध्ये राहिलं तर तुमच्या नातवासाठी तो नुसता मोडका चष्मा.

जुना_रोल

पेन्सिलनेच. बॉलपेनने चकचकीत प्रिंटच्या मागे लिहिलं की दाब पुढे उमटतो, शाईही शेजारच्या फोटोला लागते.

इस्त्री_कडक, मातीबद्दल तुम्ही म्हणालात ते मी आधी असं पाहिलं नव्हतं. बूट मला अजूनही आवडतात. पण आता आवडताना थोडं अवघडेन.

खुंटी

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. इस्त्री_कडक यांचा तीनदा.

'ते उत्तर होतं' हे वाक्य दोन दिवस डोक्यात आहे. मला ते निम्मं पटतं. कॅमेऱ्यापुढे यायचं तर आईला साडी हवी होती, कारण कॅमेरा म्हणजे चार लोक. आमच्यासमोर मात्र तिने कधी साडी नेसायची घाई केली नाही, गाऊनमध्येच आम्हाला वाढलं, गाऊनमध्येच रागावली. ती गाऊनमधली आई आमची होती. ते फोटो घराबाहेर लावायचे असते तर तिचं ऐकायला हवं होतं. घरात ठेवायचे तर तिचं ऐकायचं की आमचं, ते मला अजून ठरवता येत नाही. २३ पैकी तीन पुसून टाकले. कोणते ते लिहीत नाही.

तर्कट, हयात असताना काढला नाही हे खरं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

बोहारीण बुधवारी आली. अवांतर_काकू, तुमचं खरं झालं. गाऊन तिने बोटाने बाजूला सारले. भावाच्या दोन जीन्स घेतल्या आणि एक झारा दिला. मग आम्ही पाच गाऊन फाडून ओट्याची फडकी केली. आईनेही तेच केलं असतं, आणि वर म्हणाली असती, कॉटन पाणी चांगलं पितं.

जुना_रोल, एक शंका. सहावा गाऊन त्याच्या जागी अडकवला आहे, बाथरूमच्या दारामागे. तिथे उजेडच नाही. ट्यूब लावू का?

जुना_रोल

लावायची तर फक्त ट्यूब, बाहेरचा उजेड बंद करून. पण आधी एक करून बघा. सकाळी दार पूर्ण उघडून गाऊनची बाजू पॅसेजकडे करा, स्वयंपाकघराच्या खिडकीतून जेवढा येईल तेवढ्याच उजेडात काढा. अंधुक असेल, म्हणून फोन हातात धरू नका, स्टुलावर डबा ठेवून त्याला टेकवा आणि टायमर लावा. धुऊन अडकवलाय का?

खुंटी

नाही. हिंगाष्टकाची पुडीही खिशातच आहे.

जुना_रोल

मग खिसा फोकसमध्ये घ्या.

तर्कट

पुडी दिसणार नाहीच फोटोत.