ईके, यूएई, १७६: एकाच विमान कंपनीचे तीन कोड? माल शोधायला कुठला?

आटपाडी_डाळिंब
मुंबईहून दुबईला डाळिंबाच्या पेट्या जाणार आहेत. एजंटाने दिलेला एअरवे बिल (विमानाने जाणाऱ्या मालाचा कागद) नंबर १७६ ने सुरू होतो, बुकिंगवर फ्लाइट ईके ५०१ आहे आणि नकाशावर विमानं दाखवणाऱ्या अॅपमध्ये यूएई दिसतंय. तिन्ही एमिरेट्सच का? शिवाय एजंटाने आणखी एक नंबर दिलाय, तो तर कंपनीची साइट घेतच नाही.

मिरज_कार्गो
हो, तिन्ही एमिरेट्सच. फक्त प्रत्येक कोड वाचणारा वेगळा. ईके हा आयाटाचा (विमान कंपन्यांची संघटना) दोन अक्षरी कोड. तिकीट, वेळापत्रक, पेटीवरचं लेबल इथे चालतो. यूएई हा आयकाओचा (संयुक्त राष्ट्रांची विमान वाहतूक संस्था) तीन अक्षरी, तो फ्लाइट प्लॅन आणि एटीसीसाठी, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणासाठी. १७६ हा हिशेबाचा. प्रवाशाच्या १३ आकडी तिकीट नंबराची सुरुवातही त्यानेच होते. एअर इंडियाचं असंच: एआय, एआयसी, ०९८.

माल शोधायला एअरवे बिलच लागतं. एकूण ११ आकडे: ३ कंपनीचे, ७ अनुक्रमांकाचे आणि शेवटचा तपासणीचा. ही तपासणी कागदावर होते. समजा नंबर ०९८-४५२०३१६३ आहे. मधले सात आकडे ४५२०३१६, त्यांना ७ ने भागा. बाकी ३ उरते आणि शेवटचा आकडाही ३, म्हणजे जुळलं. पहिले तीन आकडे या भागाकारात धरायचे नाहीत, बरेच जण तिथेच फसतात. आणि बाकी जुळली म्हणून नंबर शंभर टक्के बरोबर असंही समजू नका. ० च्या जागी ७, १ च्या जागी ८ किंवा २ च्या जागी ९ पडला तर फरक नेमका ७ चा होतो आणि चूक निसटते. घाईत लिहिलेला १ आणि ७ मात्र पकडला जातो.

तुमचा दुसरा नंबर बहुतेक हाऊस बिलाचा असणार. तो एजंट आपल्या ग्राहकाला आपल्या पद्धतीने देतो, कंपनीच्या साइटवर चालत नाही. मास्टर बिलाचाच, म्हणजे विमान कंपनीच्या एअरवे बिलाचा नंबर मागा. बिलावर उतरायचा विमानतळही बघून घ्या: डीएक्सबी (दुबई इंटरनॅशनल) आणि डीडब्ल्यूसी (अल मक्तूम) दोन्ही दुबईतच, पण विमानतळ वेगळे.

अजिंक्यतारा_१०९०
अॅपबद्दल थोडं. ईके ५०१ तिथे यूएई५०१ असंच दिसेल याची खात्री नाही. रेडिओवर सारखे ऐकू येणारे नंबर टाळायला कंपन्या कॉलसाइनमध्ये (रेडिओवर विमानाला हाक मारायचं नाव) अक्षरं घालतात, म्हणून कधीकधी आकड्यांमागे भलतंच अक्षर दिसतं. शिवाय ते पायलटने टाइप केलेलं असतं, चुकूही शकतं.

फ्लाइट नंबर म्हणजे त्या दिवसाची फेरी, विमान नव्हे. नेमकं विमान हवं तर रजिस्ट्रेशन बघा: भारताचं व्हीटी-, अमिरातीचं ए६-. त्याच्या जोडीला ट्रान्सपाँडरचा (विमानाची ओळख रेडिओवर पाठवणारं यंत्र) सहा अंकी हेक्स कोड असतो, त्यात ० ते ९ आणि ए ते एफ येतात. भारताचे ८०, ८१, ८२ किंवा ८३ ने सुरू होतात, अमिरातीचे ८९६ ने. विमान दुसऱ्या देशात नोंदवलं की दोन्ही बदलतात.

विमानाच्या प्रकारावरून मालवाहू विमान ओळखायला जाऊ नका. बी७७एल हा कोड ७७७ च्या लांब पल्ल्याच्या प्रवासी विमानालाही आहे आणि मालवाहूलाही.

विमानांचे हे सिग्नल पकडायला स्वतःचा रिसीव्हर लावायचा असेल तर फ्रिक्वेन्सी १०९० मेगाहर्ट्झ आणि पाव तरंगलांबीची अँटेना साधारण ६९ मिलिमीटर. सिग्नल सरळ रेषेत येतो. साताऱ्यात पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर आडवा, त्यामुळे त्या बाजूची खालून जाणारी विमानं गायब होतात. ३५ हजार फुटांवरचं विमान मोकळ्या क्षितिजावर ४०० किलोमीटरपर्यंत मिळू शकतं.

आटपाडी_डाळिंब
मिरजकर दादा, १७६ वाल्या नंबराचा शेवटचा आकडा ८ आहे. भागाकार करून बघू?

मिरज_कार्गो
करूच नका. ७ ने भागल्यावर बाकी ० ते ६ च उरते, शेवटी ७, ८ किंवा ९ येऊच शकत नाही. नंबर टाइप करतानाच चुकलाय. एजंटाकडून मास्टर बिलाचा फोटो मागवा, वरच्या कोपऱ्यातला छापील नंबर दिसेल असा.