फोस्टर केलंय? दत्तक घेतलंय? कोल्हापूरकरांनो, अनुभव लिहा

दिवाळी झाली की आपल्याकडं गल्लोगल्ली कुत्र्याची पिल्लं दिसायला लागतात आणि रेस्क्यूवाल्या पोरांचे फोन थांबत नाहीत. ही सगळी नोकरी, कॉलेज, दुकान सांभाळून हे करतात, ना मोठी शेड ना पगारी माणूस. गाडीखाली आलेलं कुत्रं उचललं, डॉक्टरकडं नेलं, टाके घातले, इथपर्यंत होतं, पण मग त्याला ठेवायचं कुठं? तिथंच सगळं अडतं. म्हणून महिना-दीड महिना घरात ठेवून घेणारी माणसं, म्हणजे फोस्टर, ही माझ्या मते पैशापेक्षा मोठी गरज आहे. लोक मागं सरतात कारण घरात नक्की काय होतं हे कुणी सांगत नाही, फोटो तेवढे गोड टाकतात. तर ज्यांनी फोस्टर केलंय, दत्तक घेतलंय, त्यांनी सगळं लिहा. घाण, खर्च, घरमालक, सासू-सासरे, रडारड, काही वगळू नका.

शिवाजी पेठेतून

मी लिहितो. आमच्या सासूबाईंना कुत्रं घरात चालत नव्हतं, देवघर हाय म्हणून. मागच्या परड्यात ठेवतो म्हटलं आणि दोन पिल्लं आणली, एक तांबडं, एक काळी. थोड्याच दिवसांत तांबडं गप पडलं, खाईना, मग उलट्या आणि रक्ताचे जुलाब, आणि तो वास ज्यानं एकदा घेतलाय तो विसरत नाही. पार्व्हो, कुत्र्याच्या पिल्लांना होणारा विषाणूचा आजार. रेस्क्यूची पोरगी रात्रीच गाडी घेऊन आली. डॉक्टर म्हणाले ह्याच्यावर थेट औषध असं नाही, सलाईन, उलटीचं इंजेक्शन, अँटिबायोटिक देत राहायचं, बाकी पिल्लाच्या अंगात किती जोर आहे त्यावर. तांबडं गेलं. मग काळीला पण सुरू झालं, आणि ज्या सासूबाई परड्यात पाय ठेवत नव्हत्या त्या तिला मांडीवर घेऊन सिरिंजनं तोंडात पाणी घालत बसल्या, "पी गं बाई, एवढं पी की." काळी वाचली. आता गडहिंग्लजला एका मास्तरांच्या घरी आहे, सासूबाई फोन करून तिची चौकशी करतात, माझ्या आधी.

हे सगळं मुद्दाम सांगतो कारण पार्व्होचा विषाणू जागेवर महिनोन्महिने, वर्षभर सुद्धा टिकतो, नुसत्या फिनेलनं जात नाही, ब्लीचच्या पाण्यानं फरशी पुसावी लागते आणि मातीचं परडं तर पुसता पण येत नाही. म्हणून आम्ही आता लसी पूर्ण न झालेलं पिल्लू ठेवत नाही, मोठी कुत्रीच फोस्टर करतो. पहिली लस साधारण दीड-दोन महिन्यांचं झालं की, मग दर तीन-चार आठवड्यांनी, चार महिन्यांचं होईस्तोवर. तोवर रस्त्यावर फिरवू नका. कुठल्याही घरून पिल्लू घेताना आधी तिथं पार्व्हो झालाय का विचारा, विचारलं म्हणून कुणी रागवत नाही.

उचगावातून

आम्ही घरी दोघंच, मी रिटायर्ड. ह्या वयात पिल्लाच्या मागं धावणं होत नाही म्हणून मोठं कुत्रं मागितलं. रेस्क्यूची दोन मुलं घर बघायला आली. गच्चीला कठडा आहे का, दिवसभर बांधून ठेवणार का, गावाला गेलात तर कोण बघणार, आणि तुम्हाला काय झालं तर? हा शेवटचा प्रश्न एका विशीतल्या पोरीनं तोंडावर विचारला. आमच्या मंडळींना जरा लागलं ते. मला मात्र पोरगी पटली. मुलाचा नंबर दिला, त्याच्याशी पण ती बोलली, मगच कुत्रं दिलं. हायवेला गाडीनं उडवलेलं, पुढचा एक पाय काढलेला. पहिला आठवडा तो दिवाणाखालून बाहेरच आला नाही. त्यांनी सांगून ठेवलं होतं की ओढून काढू नका, डोळ्याला डोळा लावू नका, ताट सरकवायचं आणि बाजूला व्हायचं, रात्री खाईल. तसंच झालं. मग एक दिवस मी पेपर वाचत होतो तर माझ्या पायावर हनुवटी ठेवून बसला. आता तीन पायांवर जिना माझ्यापेक्षा लवकर चढतो. मोठं कुत्रं घेतलं की स्वभाव आधीच कळलेला असतो, फोस्टरवाल्यांनी सगळं सांगितलेलं असतं, हा केवढा फायदा आहे आणि तरी लोक पिल्लूच मागतात.

एक सांगायचं राहिलं. आपल्याकडं रविवारी मटण असतंच, पण शिजलेलं हाड देऊ नका, त्याचे टोकदार तुकडे होऊन घशात-आतड्यात लागतात, आणि कांदा-लसणाचा रस्सा तर अजिबात नको. आम्ही मसाल्याआधी त्याचं उकडलेलं बाजूला काढतो.

हुपरीहून

आमचं मांजराचं. डोळे न उघडलेली तीन पिल्लं फोस्टरला आली, आई गाडीखाली गेलेली. गाईचं दूध नाही द्यायचं, जुलाब लागतात, मांजराच्या पिल्लांची दुधाची पावडर मिळते ती. पाठीवर झोपवून पाजायचं नाही, पोटावर ठेवूनच, नाहीतर दूध फुप्फुसात जातं. आणि पाजायच्या आधी पिल्लू गरम पाहिजे, गार पडलेल्याला दूध पचतच नाही. दर दोन-अडीच तासांनी, रात्री पण. प्रत्येक वेळी ओल्या कापसानं पुसून शी-शू करवायची, आई चाटते तसं. आमचं चांदीचं काम, त्यामुळं घरात ग्रॅमचा काटा होताच, रोज वजन करून भिंतीवर लिहायचो. दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम वाढलं तर पिल्लू चांगलं, नाही वाढलं तर डॉक्टरला लगेच फोन. त्यातलं बारकं पिल्लू दोन दिवस वाढलंच नाही आणि त्या वजनावरनंच कळलं, नाहीतर दिसायला खेळत होतं. तिन्ही जगली. कारागीर पण कामाला आले की आधी भिंत बघायचे.

कळंब्यातून

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४३. सुतारवाड्यातल्या एका घरातली कुत्री बोटीतून आली, घरच्यांना शाळेत छावणीत ठेवलेलं, तिथं तिला घेईनात. आमच्याकडं पाणी येत नाही म्हणून आमच्याकडं ठेवली. म्हणजे हे पण फोस्टरच, मालक असलेल्या कुत्र्याचं. ती दिवसभर गेटकडं तोंड करून बसायची. पाणी उतरल्यावर घरातले आजोबा स्वतः चालत आले, आणि ती ज्या आवाजात ओरडली तो आवाज मी परत कधी ऐकला नाही. २०२१ च्या जुलैत परत पाणी वाढायला लागलं तेव्हा आजोबांनी आधीच फोन केला, "दादा, आमची ताईसाब येती बघा तुमच्याकडं." नदीकाठच्या लोकांनी आपल्या जनावरासाठी वरच्या भागातलं असं एक घर आत्ताच ठरवून ठेवा.

राजारामपुरी, भाड्याच्या घरातून

घरमालकांना न सांगता कुणी आणू नका. आम्ही आधी काकूंना विचारलं, रेस्क्यूच्या ताईंनी लसीचं कार्ड दाखवलं आणि काही तक्रार झाली तर परत नेऊ असं लिहून दिलं, मग काकू तयार झाल्या. पिल्लू द्यायच्या दिवशी मात्र मी लई रडलो, नवीन घरच्यांसमोरच. पण त्याच आठवड्यात दुसरं आलं, आणि पहिलं गेलं नसतं तर ह्याला जागाच नव्हती.

रेस्क्यूचं काम करणारी, कसबा बावड्यातून

कार्ड दाखवणारी ताई मीच. काही प्रश्न आलेत म्हणून सांगते. लहान मुलं असलेल्या घरी नक्की द्या-घ्या, फक्त पिल्लू तीन महिन्यांचं झालं की त्याला रेबीजची लस आणि मग दरवर्षी, चुकवायची नाही. ओळख नसलेलं जनावर चावलं किंवा ओरखडलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावा, सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, लस मिळते. हळद-चुना लावत बसू नका.

कानाला कट मारलेलं कुत्रं दिसलं तर ते नसबंदी झालेलं, त्याच्याच गल्लीत राहणारं आहे. धडधाकट असेल तर उचलून आणू नका, त्याची जागा तीच आहे.

आणि दत्तक घेतलेलं जमलं नाही, घरात दमा निघाला, बदली झाली, तर आम्हाला परत द्या. आम्ही एक शब्द बोलणार नाही. हायवेला किंवा एमआयडीसीत सोडू नका, घरात वाढलेलं कुत्रं तिथं टिकत नाही. आत्ता माझ्याकडं तीन मोठ्या काळ्या कुत्र्या आहेत, नसबंदी झालेल्या, लसी पूर्ण. काळी म्हणून आणि मादी म्हणून कुणी विचारत नाही. ज्यांच्याकडं जानेवारीपर्यंत एखादी रिकामी खोली असेल त्यांनी इथंच लिहा, खाणं आणि डॉक्टर आमच्याकडं.