प्रति: ४५० वॉटचा पुरतो, पण यूपीएसचं काय?

गेमिंग पीसीला ४५० वॉटचा चांगला एसएमपीएस (पीसीच्या भागांना वीज पुरवणारा डबा) पुरेल आणि वाचलेले पैसे १४४० पी (जास्त बारीक चित्राच्या) मॉनिटरवर घालावेत, हे वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय ते अगदी पटलं. आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्डाला ११५ वॉट, रायझन ५ ५६०० प्रोसेसरला फार तर ७६. हिशोब आरामात बसतो. पण यूपीएसचा, म्हणजे लाइट गेली की बॅटरीवर मशीन चालू ठेवणाऱ्या डब्याचा, विषय कुणी काढलाच नाही. नवी मुंबईत ऐरोली, घणसोलीकडे पावसाळ्यात लाइट क्षणभर जाऊन येते आणि तेवढ्यात मशीन रीस्टार्ट होतं. ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, यूपीएसच्या क्षमतेचं माप) यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॉटच, म्हणून मॉनिटर धरून, वर थोडी जागा ठेवून १००० व्हीएचा घ्या. स्वस्त यूपीएस बॅटरीवर शुद्ध साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर) देत नाहीत. अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाले (वीज नीट खेचणारं सर्किट असलेले) काही एसएमपीएस लाइटवरून बॅटरीवर जाण्याच्या क्षणी बंद पडतात. दुकानातच मशीन यूपीएसला लावून, गेम चालू ठेवून भिंतीवरचं बटण बंद करून बघा, रिकाम्या डेस्कटॉपवर हा दोष दिसत नाही.

आणि हो, मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, ग्राफिक्स कार्डाच्या डिस्प्लेपोर्टला लावा. मग विंडोजच्या अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं तो आकडा) स्वतः बदला, नाहीतर १६५ हर्ट्झचा मॉनिटर बरेचदा ६० वरच चालत राहतो.