मराठी टंकायला टॅब: ८, ११ की १३ इंच?

शाईचा_डाग
रोज दोन-तीन तास मराठी टंकायचं असतं, सगळं इनस्क्रिप्टमध्ये (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाणित कीबोर्ड मांडणी). बाकी वेळ हातात धरून पीडीएफ वाचन. बजेट मध्यम, प्रो मॉडेलं नकोत. जोडाक्षरं स्वच्छ दिसली पाहिजेत आणि बोटं अडखळायला नकोत. कोणता आकार घ्यावा?

मोकळी_ओळ
सरळ १३ इंची प्रो घ्या. मी तोच वापरतो. कीबोर्ड कव्हर २८० मिमी रुंद, त्यामुळे बटणांमधलं अंतर लॅपटॉपसारखंच १९ मिमी. थोडे पैसे जास्त जातील, पण काम एकदाचं होतं.

रफार
प्रो नको असं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय हो.
मुद्दा रुंदीचाच आहे, पण अर्धाच सांगितलात. एका ओळीत साधारण साडेचौदा बटणांची जागा लागते, म्हणजे १९ च्या हिशेबाने २७५ मिमी. ११ इंचीचं कव्हर जेमतेम २५० मिमी असतं. मग अक्षरांची बटणं १८ च्या आसपास ठेवतात आणि कात्री लावतात ती उजव्या कडेला. इंग्रजीत तिथे नुसती विरामचिन्हं, पण इनस्क्रिप्टमध्ये तिथेच ड, च, ट, य, ॉ आणि ृ बसतात. ‘डॉक्टर’ टंकून बघा: ड चौकटी कंसावर, ॉ उलट्या तिरप्या रेघेवर, ट अवतरणचिन्हावर. सहापैकी तीन बटणं कडेचीच. काही कव्हरांत त्यातली एक-दोन एफएन (Fn) बटण दाबल्याशिवाय येत नाहीत. घेण्याआधी कव्हरवर ‘डॉक्टर’, ‘कृती’ आणि ‘वाटाड्या’ दहा-दहा वेळा टंका.

पाटीपेन्सिल
स्क्रीनबद्दल कुणीच बोलत नाही. इंच सोडा, पीपीआय बघा, म्हणजे एका इंचात किती ठिपके बसतात ते. १०.१ इंचावर १२८०×८०० म्हणजे १५० च्या आत: ‘ष्ट्र’ आणि ‘द्ध’ लहान टंकात गिचमिड दिसतात, अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो. ११ इंचावर १९२०×१२०० म्हणजे २०६, चालून जातं. तेच रिझोल्यूशन ८ इंचावर २८३ होतं, अक्षर छापल्यासारखं उठतं.
पॅनल लॅमिनेटेड आहे का तेही विचारा. नसेल तर काच आणि पॅनलमध्ये हवेची फट राहते, प्रकाश जास्त परावर्तित होतो आणि अक्षर काचेच्या खाली खोल गेल्यासारखं वाटतं. मॅट स्क्रीनगार्ड लावू नका, पांढऱ्या पानावर कण चमकतात.

कानामात्रा
१३ इंचीच घ्या, दोन पानं शेजारी शेजारी मावतात.

रफार
आणि कव्हर लावलं की वजन दुप्पट होतं. त्यांना हातात धरून वाचायचंय.

मोकळी_ओळ
वाचताना कव्हर काढून ठेवायचं. आणि ओएलईडीवरचा (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो) काळा रंग एलसीडीवर (ज्यात उजेड मागून येतो) कधीच मिळणार नाही.

पाटीपेन्सिल
पांढऱ्या पानावर काळी अक्षरं वाचायला त्या काळ्याचा फारसा उपयोग नाही. बरेच ओएलईडी ब्राइटनेस कमी केला की लुकलुकतात आणि काहींचे डोळे त्यानेच दुखतात. ब्राइटनेस तळाला आणा, फोनच्या कॅमेऱ्याचा शटरस्पीड वाढवून स्क्रीनकडे धरा. जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर तो टॅब सोडा.

उजवी_शिफ्ट
ब्लूटूथ कीबोर्ड मात्र अजिबात नको. माझा काही मिनिटं पडून राहिला की झोपतो आणि उठेपर्यंत पहिली दोन-तीन अक्षरं गिळतो. पिनांनी जोडणारं कव्हर घ्या, चार्जिंगचीही कटकट नाही. ते मिळत नसेल तर वायरचा कीबोर्ड ओटीजीवर, म्हणजे टॅबच्या यूएसबी पोर्टला जोडून, चालतो.
आणि स्क्रीनवरच टंकणार असाल तर ८ इंची आडवा धरू नका. उंची १०८ मिमी, त्यातली निम्मी कीबोर्ड खातो. उभा धरून अंगठ्यांनी टंका.

कानामात्रा
११ घेणार असाल तर ४:३ प्रमाणाचा स्क्रीन घ्या. १६:१० पेक्षा आडव्यात २० मिमी उंची जास्त मिळते, तीन-चार ओळी सहज.

शाईचा_डाग
सगळ्यांचे आभार. ८ इंची घेतोय, १९२०×१२००, एलसीडी, लॅमिनेटेड.
रुंदी कीबोर्डला हवी, टॅबला नाही, हे रफार यांच्या हिशेबावरून लक्षात आलं. मेजावर वायरचा पूर्ण आकाराचा कीबोर्ड ठेवणार, त्याच्या लगेच मागे स्टँडवर टॅब, डोळ्यांपासून ४० सेंमीवर, टंक मोठा करून. वाचताना वायर काढली की टॅब एका हातात.

मोकळी_ओळ
८ इंचावर तीन तास? मान आखडेल.

रफार
स्टँड उंच घ्या, वरची कड डोळ्यांच्या रेषेत आली की मान वाकत नाही.
दोन गोष्टी टॅब परत करायची मुदत असतानाच तपासा. एक, कीबोर्ड जोडून सेटिंग्जमध्ये फिजिकल कीबोर्डखाली मराठी इनस्क्रिप्ट दिसतो का. स्क्रीनवर मराठी उमटतं म्हणून बाहेरच्या कीबोर्डवर उमटेलच असं नाही. दोन, टॅबला एकच पोर्ट असेल तर वायरचा कीबोर्ड लावल्यावर चार्जिंग बंद. चार्जिंग पुढे जाऊ देणारा हब लागेल.

शाईचा_डाग
पोर्ट एकच आहे. हबही यादीत टाकला.